'जर' आणि 'का' : गीतकार यिप हार्बर्ग

३ नोव्हेंबर १९५६ रोजी, शनिवारी रात्री, अमेरिकेतल्या सीबीएस या दूरचित्रवाणी वाहिनीने 'द विझर्ड ऑफ ऑझ' हा १९३९चा चित्रपट पहिल्यांदा प्रसारित केला. कोट्यवधी लोकांनी तो आपापल्या घरात बसून पाहिला. पुढे १९५९पासून तर दरवर्षी तो दाखवण्याची प्रथाच पडली आणि अमेरिकेतल्या दोन-तीन पिढ्या त्यावर वाढल्या. या चित्रपटाच्या सुरुवातीला कॅन्ससमधल्या शेतावरची डोरोथी नावाची मुलगी इंद्रधनुष्यापलीकडच्या देशाविषयी एक गाणं म्हणते. 'ओव्हर द रेनबो' हे ते गाणं. इंग्रजी फारसं न ऐकणाऱ्या माणसाच्याही कानावरून ते कधी ना कधी गेलेलं असतं.

ज्या माणसाने त्या गाण्याचे शब्द लिहिले, त्याला त्या रात्री अमेरिकेतली कुठलीही दूरचित्रवाणी कंपनी दारात उभी करणार नव्हती. चित्रपटसृष्टीचे आणि रेडिओचे दरवाजेही बंद होते. त्याचा पासपोर्ट सरकारने रद्द केला होता. तो काळ्या यादीत होता. त्याचं नाव एडगर यिप्सेल हार्बर्ग. कागदोपत्री ई. वाय. हार्बर्ग आणि सगळ्यांच्या तोंडी नुसता 'यिप'.

शब्द घराघरांत आणि ते लिहिणारा उंबऱ्याबाहेर, हा विरोधाभास प्रथम लक्षात आला तेव्हा तो मला निव्वळ काळाचा एक क्रूर विनोद वाटला. पण हार्बर्गची गाणी एकामागून एक, त्या त्या नाटकातल्या आणि चित्रपटातल्या जागेवर ठेवून ऐकू लागल्यावर माझं मत बदललं. ज्या गुणामुळे ही गाणी लोकांच्या ओठांवर बसली, त्याच गुणामुळे त्यांचा कर्ता संशयास्पद ठरला, असं मला वाटतं. हार्बर्गचं स्वतःचं एक सूत्र होतं. शब्द आपल्याला विचार करायला लावतात, संगीत भावना जागी करते, पण गाणं आपल्याला विचार 'जाणवून' देतं, असं तो सांगत असे. जाणवलेला विचार खोडून काढणं अवघड असतं. आणि हार्बर्गच्या गाण्यातला विचार बहुधा विधानाच्या रूपात येत नाही. तो 'जर'च्या किंवा 'का'च्या रूपात येतो. या दोन शब्दांचा माग घेतच त्याच्या आयुष्याकडे पाहायचं आहे.

दिवे लावणारा मुलगा

हार्बर्गचा जन्म ८ एप्रिल १८९६चा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड वस्तीतला. पाळण्यातलं नाव इसिडोर हॉखबर्ग. आईवडील रशियातून आलेले, यिडिश बोलणारे, धर्मनिष्ठ ज्यू. दोघंही कपडे शिवण्याच्या कोंदट कारखान्यात राबत. लहानपणी हा मुलगा फार चपळ, म्हणून त्याला यिडिशमध्ये खारीला जे म्हणतात ते नाव पडलं आणि त्याचंच पुढे 'यिप' झालं, अशी त्याने सांगितलेली व्युत्पत्ती आहे. सिनेगॉगला जातो असं आईला सांगून वडील त्याला यिडिश नाटकांना घेऊन जात. एकाच नाटकात हसू, रडू, गाणं आणि समाजावरची टीका बेमालूम मिसळलेली त्याने तिथे पाहिली. थोरला भाऊ विज्ञानात अतिशय हुशार. तो ऐन तरुणपणी कॅन्सरने गेला. त्यानंतर यिपचा देवावरचा विश्वास उडाला आणि नाट्यगृह हेच त्याचं देऊळ झालं.

घरात पैसे नव्हते. शिकत असतानाच तो मिळेल ती कामं करी. त्यातलं एक काम रस्त्यावरचे दिवे संध्याकाळी लावण्याचं आणि पहाटे मालवण्याचं होतं. टाउनसेंड हॅरिस हॉल या हुशार मुलांच्या सरकारी शाळेत आडनावाच्या अक्षरांप्रमाणे बसवत. त्यामुळे 'जी' आणि 'एच' शेजारी आले आणि हॉखबर्गला बाकावर आयरा गर्श्विन हा सोबती मिळाला. हार्बर्गला त्या वयात डब्ल्यू. एस. गिल्बर्टच्या विनोदी कविता पाठ होत्या. या गिल्बर्टने लिहिलेल्या संगीतिका असतात आणि त्यांना सलिव्हनने चाली दिलेल्या आहेत, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. आयराने त्याला घरी नेऊन ग्रामोफोनवर 'पिनाफोर' ऐकवली. पाठ असलेली कविता गाता येते, आणि गाताना तिचा विनोद अधिक धारदार होतो, हा साक्षात्कार हार्बर्ग म्हातारपणीही रंगवून सांगे.

पण तो लगेच गीतकार झाला नाही. सिटी कॉलेजात शिकला. पहिलं महायुद्ध आलं तेव्हा समाजवादी विचारांमुळे युद्धात जायचं नव्हतं, म्हणून उरुग्वेत नोकरीला गेला आणि तीनेक वर्षं तिथे राहिला. परत आल्यावर लग्न, दोन मुलं आणि विजेची उपकरणं विकणारी भागीदारीतली कंपनी. रात्री थोड्याफार कविता. धंदा चांगला चालला होता. १९२९च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला आणि कंपनी बुडाली. अंगावर मोठं कर्ज आलं. वय तेहतीस. जवळ उरली ती एक पेन्सिल, असं तो म्हणत असे. धंदा नावाच्या स्वप्नाळू, अमूर्त गोष्टीचा कंटाळा आला, म्हणून वास्तवाला तोंड द्यायला आपण गाणी लिहू लागलो, असा त्याचा आणखी एक विनोद. आयराने थोडे पैसे दिले आणि जे गॉर्नी या संगीतकाराशी ओळख करून दिली.

रांगेत उभा असलेला माणूस

ब्रॉडवेवर त्या काळी 'रेव्ह्यू' नावाचा प्रकार जोरात होता. सलग कथानक नसलेला, नाच, गाणी आणि प्रहसनं यांचा तो जोडकार्यक्रम. ऑक्टोबर १९३२मध्ये 'अमेरिकाना' नावाचा रेव्ह्यू आला. रेव्ह्यू काही महिन्यांत बंद पडला, पण त्यातलं 'ब्रदर, कॅन यू स्पेअर अ डाइम?' हे हार्बर्ग-गॉर्नीचं गाणं उरलं. बिंग क्रॉस्बी आणि रूडी व्हॅली या दोघा लोकप्रिय गायकांनी त्याच महिन्यात त्याच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. देशात मंदीचा कहर होता. लवकरच दर चार कामगारांमागे एक बेकार अशी स्थिती येणार होती. पाव आणि सूप फुकट वाटणाऱ्या केंद्रांपुढे रांगा लागत. अध्यक्षीय निवडणूक तोंडावर होती.

गॉर्नीचा जन्म बियालिस्टोकचा. लहानपणी तिथे ऐकलेल्या एका अंगाईवरून त्याने ही चाल बांधली होती. त्यामुळे अमेरिकन करमणुकीच्या रंगमंचावर अचानक पूर्व युरोपातल्या ज्यू घरातला उदास स्वर आला. त्या चालीवर मुळात प्रेमभंगाचे शब्द होते. हार्बर्गने ते काढून टाकले.

त्या काळी मंदीवरची बहुतेक गाणी दोन प्रकारची होती. काही 'चांगले दिवस येतील' असं सांगणारी, काही करुणा भाकणारी. हार्बर्गला दोन्ही नको होती. त्याच्या गाण्यातला माणूस रेल्वेमार्ग बांधणारा आहे, उंच इमारती उभारणारा आहे, महायुद्धात खाकी गणवेशात लढून आलेला आहे. तू एक स्वप्न उभारतो आहेस असं त्याला सांगण्यात आलं होतं, आणि जिथे जिथे नांगर किंवा बंदूक धरायला माणूस हवा होता तिथे तो गेला होता. आता तो पावाच्या रांगेत आहे. तो रडत नाही, शिव्याही देत नाही. तो गोंधळलेला आहे. मी एवढं घातलं, माझा वाटा कुठे गेला, हा त्याचा प्रश्न. हे गाणं भिकाऱ्याचं नाही, कामगाराचं आहे, असं हार्बर्ग बजावून सांगत असे.

गाण्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. युद्धाच्या कडव्यात चाल कवायतीची होते. शेवटच्या ध्रुवपदात सूर वर चढतो आणि तो माणूस समोरच्याला आपलं नाव सांगतो, आपली ओळख आठवत नाही का म्हणून विचारतो. आतापर्यंत जो रांगेतला कुणीही होता, त्याला इथे नाव मिळतं. आणि सुरुवातीला ज्याला तो 'भाऊ' म्हणत होता, त्याला अखेरीस सैन्यातल्या सोबत्याला मारावी तशी दोस्तीची हाक मारतो. म्हणजे ऐकणाराही एकेकाळी त्याच्याच तुकडीत होता. पैसे मागणारा आणि देणारा यांतलं अंतर गाण्याने तिथे पुसून टाकलेलं असतं.

हे गाणं मराठीत कसं येईल, याचा मी पुष्कळ विचार केला. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं. त्याला 'चार आणे' चालतील. खरी अडचण क्रियापदाची आहे. 'भाऊ, द्याल का?' म्हटलं की मागणारा खाली वाकतो. 'देशील का?' म्हटलं की तो ताठ उभा राहतो. इंग्रजीतल्या 'यू'ला ही निवड करावी लागत नाही, मराठीला करावीच लागते. आणि हार्बर्गने त्या माणसाला कुठे उभं केलं आहे हे कळल्यावर ती निवड आपोआप होते. 'देशील का?' हेच बरोबर. गाणं संपतं तेही या प्रश्नावरच. उत्तर दिलेलं नाही. हे गाणं रेडिओवरून वाजू नये असं वाटणारे लोकही होते. त्यांच्या अस्वस्थतेचं कारण मला त्या अखेरच्या प्रश्नचिन्हातच दिसतं.

कॅन्ससमधला एकच रंग

त्याच वर्षी, १९३२मध्ये, हार्बर्गने आणखी दोन टिकाऊ गाणी लिहिली. व्हर्नन ड्यूकच्या चालीवरचं 'एप्रिल इन पॅरिस' लिहिलं तेव्हा त्याने पॅरिस पाहिलंही नव्हतं. दुसरं 'इट्स ओन्ली अ पेपर मून'. हेरॉल्ड आर्लेनची चाल, शब्दांत बिली रोझचाही वाटा. चंद्र कागदाचा आहे, समुद्र रंगवलेल्या पडद्याचा आहे, पण जर तू माझ्यावर विश्वास ठेवलास तर हे सगळं खरं होईल, अशी त्याची कल्पना. ज्या नाटकासाठी हे गाणं लिहिलं ते पडलं, गाणं राहिलं. हार्बर्गचा 'जर' इथे पहिल्यांदा ठळक दिसतो. नाट्यगृहातल्या खोट्या चंद्राकडे पाहणाऱ्या प्रेक्षकाचा आणि गाण्यातल्या प्रियकराचा करार एकच आहे.

१९३८मध्ये एमजीएम कंपनीने आर्लेन आणि हार्बर्ग या जोडीला 'ऑझ'चं काम दिलं. एल. फ्रँक बॉमच्या १९००च्या मूळ पुस्तकात कॅन्सस करड्या रंगाचं आहे. जमीन करडी, गवत करडं, घर करडं, माणसंही करडी. इंद्रधनुष्य मात्र पुस्तकात नाही. ते हार्बर्गने आणलं. त्याचा तर्क साधा होता. अशा रुक्ष प्रदेशात वाढलेल्या मुलीने आयुष्यात पाहिलेली रंगीत वस्तू कोणती असेल? फक्त इंद्रधनुष्य. म्हणून तिच्या स्वप्नातल्या देशाचा रस्ता तिथूनच जाणार. चित्रपटात कॅन्ससचा भाग तपकिरी छटेत आणि ऑझचा देश रंगांत आहे. रंग येण्याआधी रंगांची ओढ शब्दांतून लागते.

चाल आधी होती, शब्द मागाहून आले. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८०मध्ये 'शाकुंतल' लिहिलं तेव्हा लोकांच्या कानात असलेल्या चालींवर पदं बेतली. तेव्हापासून चालीवर शब्द बसवण्याची कसरत मराठी रसिकाला परिचित आहे. पण एक फरक ध्यानात घ्यायला हवा. आपल्या नाट्यपदात गायक एकेक ओळ आळवून आळवून गातो; शब्द पुन्हापुन्हा येतात, आणि पुष्कळदा स्वरांपुढे मागे सरतात. अमेरिकन संगीतिकेत शब्द एकदाच येऊन जातो. तो त्याच क्षणी ऐकू आला, कळला, आणि त्याने कथा पुढे ढकलली तरच गीतकाराचं काम झालं.

आर्लेनने चाल वाजवून दाखवली तेव्हा हार्बर्गला ती आवडली नाही. ती फार भव्य आहे, एखाद्या ऑपेरा गायकाला शोभेल, शेतावरच्या लहान मुलीला नाही, असं त्याचं म्हणणं. दोघांनी निवाड्यासाठी आयरा गर्श्विनला बोलावलं. ती साधेपणाने, कमी साजात वाजव, असं आयराने सुचवलं आणि हार्बर्गला तीत मुलगी दिसली. या चालीत पहिल्याच शब्दाच्या दोन अक्षरांत स्वर 'सा'वरून थेट वरच्या 'सा'वर झेप घेतो. तिथे 'कुठेतरी' या अर्थाचा शब्द आहे. मनाने जमीन सोडली हे आपल्याला अर्थ कळण्याआधीच स्वरातून कळलेलं असतं. मधल्या भागात चाल दोनच स्वरांवर, पाळण्यासारखी झुलते, तेव्हा पुन्हा लहान मूल बोलू लागतं. आणि गाण्याचा शेवट? पक्षी उडून जाऊ शकतात, मग मला का जाता येऊ नये, असा. पुन्हा प्रश्न. रांगेतल्या कामगाराने सात वर्षांपूर्वी विचारलेला आणि कॅन्ससच्या मुलीने विचारलेला प्रश्न माझ्या कानाला एकाच घरातले वाटतात.

पूर्वपरीक्षणाच्या खेळानंतर हे गाणं लांबण लावतं म्हणून कापून टाकण्यात आलं होतं. सहनिर्माता आर्थर फ्रीड आणि इतरांनी आग्रह धरून ते परत घालायला लावलं. पुढे त्याला सर्वोत्तम गीताचं ऑस्कर मिळालं.

'ऑझ'मधलं हार्बर्गचं काम एवढ्यावर थांबत नाही. बुजगावणं, पत्र्याचा माणूस आणि भित्रा सिंह या तिघांच्या गाण्यांना एकच चाल आहे आणि तिन्ही गाण्यांची शीर्षकं त्याने 'जर'ने सुरू केली. जर मला मेंदू असता, जर मला हृदय असतं, जर माझ्यात धैर्य असतं. उणीव प्रत्येकाची वेगळी, पण चाल एकच. म्हणून हे चौघे एका वाटेचे प्रवासी आहेत हे प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. गाण्यांना जोडणाऱ्या संवादांवरही त्याने हात फिरवला. शेवटी जादूगार तिघांना बक्षिसं देतो तो प्रसंग त्याचाच. पुस्तकात बुजगावण्याच्या डोक्यात कोंडा भरला जातो आणि पत्र्याच्या माणसाला रेशमी हृदय मिळतं. चित्रपटात बुजगावण्याला पदविका, सिंहाला पदक आणि पत्र्याच्या माणसाला टिकटिकणारं घड्याळ मिळतं. विद्वान, शूर आणि दानशूर म्हणवणाऱ्यांकडे याहून जास्त काही नसतं, असं जादूगार गंभीर चेहऱ्याने सांगतो. मुलं हसतात, मोठी माणसं थोड्या वेळाने हसतात. पटकथालेखकांच्या यादीत मात्र हार्बर्गचं नाव नाही. तिथे तो फक्त गीतकार आहे.

सोन्याचा हंडा

१९४४मध्ये आर्लेनबरोबर केलेल्या 'ब्लूमर गर्ल' या संगीतिकेत त्याने स्त्रियांच्या हक्कांची आणि गुलामगिरीविरोधी चळवळ एकत्र गुंफली. पण त्याच्या मनासारखं काम झालं ते १९४७च्या जानेवारीत रंगमंचावर आलेल्या 'फिनियन्स रेनबो'मध्ये. संगीत बर्टन लेनचं, संहिता हार्बर्ग आणि फ्रेड सैदी या दोघांची. त्याचे ७२५ प्रयोग झाले.

हार्बर्गच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक, दक्षिणेकडचा वर्णद्वेष्टा सिनेटर अचानक काळा होतो. दुसरी, आयरिश लोककथेतला इच्छा पुरवणारा बुटका. पहिली गोष्ट एकटीच फार कडवट, दुसरी एकटीच फार गोड. दोन्ही जोडल्यावर नाटक उभं राहिलं. फिनियन नावाचा म्हातारा आयर्लंडमधल्या बुटक्याचा सोन्याचा हंडा पळवतो आणि मुलीला घेऊन अमेरिकेत येतो. अमेरिकन सरकार फोर्ट नॉक्समध्ये सोनं पुरतं आणि देश श्रीमंत होतो, मग आपणही त्याच्या आसपास पुरलं तर ते वाढेल, हे त्याचं अर्थशास्त्र. काळे आणि गोरे कुळवाडी जिथे एकत्र राबतात त्या जमिनीत तो हंडा पुरतो. सिनेटर त्यांना हुसकायला येतो. हा काळा असता तर याला कळलं असतं, असं फिनियनची मुलगी संतापाने बोलून जाते. पायाखाली हंडा आहे याची तिला कल्पना नसते. 'जर' उच्चारला जातो आणि खरा होतो. मग सिनेटरला स्वतःच केलेल्या कायद्यांखाली राहावं लागतं.

विषय असा, आणि गाणी हलकीफुलकी. बुटका प्रेमात पडतो तेव्हा त्याला भावनेचं नाव सापडत नाही, म्हणून तो दर शब्दाला एक प्रत्यय लावून नवेच शब्द पाडत जातो. आळशी गरिबाला आळशी म्हणतात, पण आळशी श्रीमंताला काय म्हणतात, यावर एक अख्खं गाणं आहे. घर सोडून आलेली मुलगी तिच्या काल्पनिक गावची खुशाली विचारते, त्या गाण्याचं शीर्षकच प्रश्नार्थक आहे. काळे आणि गोरे नर्तक या प्रयोगात एकाच समूहात नाचत होते. त्या वेळच्या ब्रॉडवेवर ही विरळा गोष्ट होती. प्रेक्षक हसून बाहेर पडत, आणि कशाला हसलो हे घरी जाऊन आठवत.

यादी

जून १९५०मध्ये 'रेड चॅनल्स' नावाची एक पुस्तिका निघाली. रेडिओ आणि दूरचित्रवाणीतल्या १५१ जणांची नावं आणि त्यांचे 'कम्युनिस्ट' लागेबांधे तीत छापले होते. हार्बर्गचं नाव त्यात होतं. तो समाजवादी होता, डाव्या व्यासपीठांवर जात होता, पण आपण कम्युनिस्ट पक्षाचे सभासद कधीच नव्हतो असं त्याने सांगितलं. त्याच वर्षी त्याने अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीला पत्र लिहून आपल्याच एका देशप्रेमाच्या गाण्याचा दाखला दिला. उपयोग झाला नाही. १९४३च्या 'केबिन इन द स्काय' चित्रपटात, जो नावाच्या नवऱ्यावर जीव टाकणाऱ्या बायकोसाठी त्याने एक गाणं लिहिलं होतं. त्यातला 'जो' म्हणजे जोसेफ स्टालिन, असा संशय घेतला गेल्याचा किस्सा तो पुढे सांगत असे.

बंदी कशी चालत होती हे समजून घ्यायला हवं. असा कुठलाही कायदा नव्हता. चित्रपट कंपन्या, वाहिन्या आणि जाहिरातदार यांनी आपापसात पाळलेला तो अलिखित नियम होता. साबण किंवा सिगारेट विकणाऱ्या कंपनीला ग्राहकांच्या रोषाची भीती, वाहिनीला जाहिरातदाराची भीती. कुणी स्पष्ट नकार देत नसे. फोन येणं बंद होई. ब्रॉडवेला मात्र जाहिरातदार नव्हते. तिथे नाटकाला पैसा खासगी व्यक्ती घालत आणि नटांची संघटनाही अशा याद्यांविरुद्ध होती. म्हणून हार्बर्गला रंगभूमी उरली.

१९५१मध्ये त्याने 'फ्लाहूली' ही संगीतिका आणली. खेळण्यांचा कारखाना, हसणारी बाहुली, बाहुल्यांचं उदंड पीक काढून बाजार कोसळवणारा जिन आणि बाहुल्यांविरुद्ध पेटलेला जमाव, असं तिचं कथानक. कुणावर रोख आहे हे सगळ्यांना कळलं. चाळीस प्रयोगांत ती बंद पडली. १९५७मध्ये लीना हॉर्न नायिका असलेली 'जमैका' मात्र पाचशेहून अधिक प्रयोग चालली. मध्यंतरी 'फिनियन्स रेनबो'वर रेखाचित्रपट करायचं घाटत होतं. फ्रँक सिनात्रा, एला फिट्झजेराल्ड, लुई आर्मस्ट्राँग यांच्या आवाजात ध्वनिमुद्रणंही झाली. भांडवल आटलं आणि काम थांबलं. जिवंत अभिनेत्यांचा चित्रपट निघायला १९६८ उजाडलं.

याच काळात दरवर्षी डोरोथी घराघरांत गात होती. कंपन्यांनी माणसाला वगळलं, पण त्याच्या शब्दांना वगळणं त्यांना परवडणारं नव्हतं. आणि त्यासाठी त्यांना कुणाची परवानगीही लागत नव्हती. चित्रपट कंपनीचा होता. चालीला संगीतकाराचं नाव चिकटतं, आवाजाला गायिकेचं. 'ओव्हर द रेनबो' हे जगाच्या दृष्टीने ज्युडी गार्लंडचं गाणं आहे. शब्द जितके नेमके जागेवर बसावेत तितके ते त्या पात्राचेच वाटू लागतात आणि लिहिणारा दिसेनासा होतो. गीतकाराच्या यशाची ही खूण आहे आणि त्याच्या गैरसोयीचीही. हार्बर्गच्या बाबतीत तिची किंमत बारा वर्षांची होती.

१९६२मध्ये आर्लेनबरोबर 'गे पर-ई' या रेखाचित्रपटाची गाणी लिहून तो चित्रपटांत परतला. त्यातल्या नायिका-मांजरीला आवाज ज्युडी गार्लंडचाच होता. पण तोवर संगीत बदललं होतं, साठी उलटून गेली होती. त्याच्या आदल्या वर्षी ऑफेनबाखच्या जुन्या चालींवर शब्द रचून त्याने ॲरिस्टोफेनीसच्या युद्धविरोधी सुखात्मिकेवरची संगीतिका केली. ती फार चालली नाही. १९६८मध्ये ज्यूल स्टाइनबरोबर केलेली 'डार्लिंग ऑफ द डे' महिनाभरात उतरली. उपहासात्मक कवितांची दोन छोटी पुस्तकं त्याने काढली. सभांमधून, विद्यापीठांमधून तो आपली गाणी बोलक्या, न कमावलेल्या आवाजात म्हणून दाखवी आणि मध्येच थांबून त्यातला एखादा यमक कसा सापडला ते सांगे. ती ध्वनिमुद्रणं ऐकताना जाणवतं की कडवटपणा त्याला शिवलेला नाही. वयाच्या ८४व्या वर्षी, ५ मार्च १९८१ रोजी, लॉस एंजलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवर गाडीत असताना हृदयविकाराने तो गेला.

२००१मध्ये अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांची संघटना आणि कलांना साहाय्य करणारी राष्ट्रीय संस्था यांनी शतकातल्या गाण्यांची यादी केली. या यादीत पहिलं नाव 'ओव्हर द रेनबो'चं होतं. मंदीचा इतिहास सांगणाऱ्या माहितीपटांत तर आजही 'डाइम'ची चाल हमखास वाजते. पण माझ्या दृष्टीने हार्बर्गचा वारसा या मानमरातबाहून थोडा वेगळा आहे. प्रचाराचं गाणं उत्तर देतं आणि परिस्थिती बदलली की जुनं होतं. हार्बर्गने उत्तरं दिली नाहीत. त्याने एका विशिष्ट माणसाला, विशिष्ट जागी उभं करून त्याच्या तोंडी प्रश्न घातला. कामगाराचा, मुलीचा, पत्र्याच्या माणसाचा. नाटकातली त्याची जागा पक्की असल्यामुळेच तो प्रश्न नाटकाबाहेर टिकला.

२००५मध्ये अमेरिकेच्या टपाल सेवेने त्याचं तिकीट काढलं. हसरा, चष्म्यातला म्हातारा यिप, मागे इंद्रधनुष्य आणि त्याच गाण्यातले काही शब्द. पन्नास वर्षांपूर्वी ज्याला देशाबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती, त्याचं नाव आणि शब्द पाकिटांवर चिकटून देशोदेशी गेले.